नवव्या ग्रीनवरची हराळी

मला कुणी हसलेलं खपत नाही. आज खपत नाही, तेव्हा तर मुळीच खपत नव्हतं. कबनूरला आमच्या घराच्या तिन्ही बाजूंना माग चालायचे. वडील मागावर, दोन्ही काका मागावर. सात-बारा कसा दिसतो हे आमच्या घरात कुणी पाहिलेलं नाही. तरी बारावीनंतर मी शेतकीच्या कॉलेजात गेले, कारण मार्क तेवढ्याच लायकीचे पडले. पहिल्याच प्रात्यक्षिकाला सरांनी विचारलं, हे काय उगवलंय? मी ऐटीत म्हणाले, गवत. गहू होता तो! अख्खी तुकडी पोट धरून हसली. चार वर्षं मला 'गव्हाची मावशी' म्हणत होते मेले. पदवी घेऊन बाहेर पडले तेव्हा मनाशी एकच खूणगाठ बांधली होती, की पुन्हा आपल्या अज्ञानावर कुणाला हसू द्यायचं नाही.

आणि नोकरी मिळाली ती गवताचीच. आधी चार-पाच वर्षं एका रोपवाटिकेत काढली आणि मग कोल्हापूरच्या बाहेर माळावर गोल्फचं एक जुनं मैदान होतं, तिथं लागले. मैदानाची देखभाल बघणारी बाई, असं माझं काम. कबनूरला सांगितलं तर शेजारची काकू म्हणाली, "गवत कापायला पगार देत्यात व्हय? मग आमच्या म्हशीला का न्हाय देत?" मी हसले वरवर. आतून जळफळाट झाला.

मैदान छोटं, नऊ भोकांचं. जिथं भोक आणि झेंडा असतो त्या जागेला ग्रीन म्हणतात. तिथलं गवत इतकं बारीक कापलेलं लागतं की चेंडू जमिनीवर नाही, फरशीवर घरंगळतोय असं वाटावं. पण आमच्याकडे नावाला ग्रीन, गवत कुठलं! जुन्या काळापासून वाळूत तेल कालवून ती दाबून सपाट केलेली असायची. हौशी मंडळींना ते चालत होतं. दोन हजार साल उलटल्यावर काही वर्षांनी मात्र क्लबच्या कमिटीनं ठरवलं, की बायकांची व्यावसायिक स्पर्धा आपल्याकडे भरवायची. दिल्ली, बंगळूर, चंदीगडहून मुली येणार, खेळणं हाच ज्यांचा धंदा. त्या तेलकट वाळूवर कशाला खेळतील? मग आराखडा काढणारा माणूस बंगळूरहून आला. मुलींसाठी पहिला फटका मारायच्या जागा पुढं घेतल्या, चेंडू अडवणारे वाळूचे खड्डे बदलले, आणि नववं ग्रीन हलवून थेट क्लबच्या व्हरांड्याखालच्या उतारावर नेलं. शेवटचा खेळ लोकांना खुर्चीत बसून दिसायला पाहिजे म्हणे. मी सांगत होते, तिथं निलगिरीची सावली पडते, गवत अशक्त राहील. पण माझं ऐकतोय कोण.

गवत बंगळूरहूनच आलं, ओल्या पोत्यांत भरून, ट्रकनं. ते गवत होतं हराळी.

आता हे ज्याला शेतीचं ठाऊक आहे त्याला वेगळं सांगायला नको. गणपतीला दूर्वा वाहतो तीच हराळी. पण उसाच्या रानात ती शिरली की शेतकरी कपाळाला हात लावतो. बोटभर मुळी जमिनीत राहिली तरी महिन्यात पुन्हा वर. आमच्याकडे आलेली जात बुटकी, पाती बारीक, लव दाट. पण कूळ तेच, सख्खी बहीण म्हणा ना. जगभर गोल्फच्या ग्रीनवर तीच लावतात. पुस्तकात मी वाचलं होतं, मला पक्कं माहीत होतं.

लावणीला माणसं पाहिजे होती म्हणून सेक्रेटरीसाहेबांनी माळाखालच्या गावातून भांगलणीची, म्हणजे तण खुरपणाऱ्या बायकांची, टोळी बोलावली. सहा बायका आणि त्यांची मुकादम आक्का. आक्का म्हणजे पन्नाशीची, काटक, आवाज असा की बांधाच्या त्या टोकाला हाक ऐकू जावी. पंचक्रोशीत तिचं एका गोष्टीसाठी नाव होतं. आक्काच्या टोळीनं भांगललं की त्या रानात हराळी डोकं वर काढत नाही. शेतकरी हंगामाच्या आधी तिच्या दारात येऊन दिवस ठरवून जायचे. गावात जैन शेतकऱ्यांचे मोठे मळे होते, तिथं तर तिच्याशिवाय दुसरी टोळी शिरत नसे. त्या सात घरांचं वर्ष त्या नावावर चालायचं.

पहिल्याच दिवशी पोतं सोडलं, आक्कानं एक मुळी उचलली, दोन बोटांत फिरवली, पेरं मोजल्यासारखं केलं आणि म्हणाली, "म्याडम, ही तर हराळी की ओ!"

मागच्या दोघी फिसकन हसल्या. जन्मभर जी उपटली तीच आता ट्रकनं मागवून लावायची, याचं हसू ते. साधं हसू होतं. पण माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. वाटलं, झालं, 'गव्हाची मावशी' इथंही आली. मी ताडकन म्हणाले, "हराळी कशी असेल? विलायती गवत आहे हे. उलट हराळीची एक काडी जरी यात दिसली ना, तर मुळासकट काढायची. कळलं?"

आक्कानं मुळीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "बरं. शिकल्याली माणसं तुम्ही."

एवढंच. एका वाक्यात खरं सांगता आलं असतं. सांगितलं नाही.

पुढची दीड-दोन वर्षं टोळी अधूनमधून येत राहिली आणि गंमत बघा, माझं आणि आक्काचं चांगलं जमलं. चारचौघांत ती मला म्याडम म्हणायची, एरवी बाळ. मी डबा आणला नसेल तर भाकरीवर खर्डा घालून पुढं करायची, "खा, नुसत्या काळजीनं वाळलीयास." काळजी तर माझ्या पाचवीला पुजलेली. पाणी जास्त झालं का, कमी झालं का, ही पिवळी छटा खताची की रोगाची. स्पर्धा जवळ आली तसं माझं जेवण तुटलं.

स्पर्धेच्या बारा दिवस आधी स्पर्धा घेणाऱ्या संघटनेकडून एक बाई पाहणीला आल्या. हातभर लांबीची पन्हळीसारखी पट्टी त्यांनी ग्रीनवर टेकवली, वरून चेंडू सोडला आणि तो किती लांब जातो ते टेपनं मोजलं. आठ ग्रीन पास. नवव्यावर चेंडू मध्येच दमला. बाई गुडघ्यावर बसल्या, गवताचं टोक दाखवलं. कापलेलं नव्हतं, फाटलेलं होतं. यंत्राची पाती बोथट झाली होती, आणि सावलीतल्या या अशक्त गवतावर ते आधी दिसलं. शिवाय कडेला लव्हाळ्याचे दोन-तीन पुंजके. त्या शांतपणे म्हणाल्या, हे ग्रीन दुरुस्त नाही झालं तर शेवटचं भोक रद्द करून दुसरीकडे घ्यावं लागेल. सेक्रेटरीसाहेबांनी नुसतं माझ्याकडं बघितलं. 

पाती काढून कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात धार लावायला दिली. त्या मिस्त्रीनं असलं पातं जन्मात पाहिलं नव्हतं. "उद्या न्या" म्हणाला आणि चार दिवस गेले. चार दिवस गवत कापलं नाही. पाचव्या दिवशी सकाळी मीच जाऊन त्याच्या उरावर बसायचं ठरवलं. निघताना टोळी आली होती. आक्काला म्हणाले, "नवव्यावरचा लव्हाळा काढा, आणि बाकी जे तण दिसेल तेही. मी जाऊन आले." लव्हाळ्याची एक गाठसुद्धा मी त्यांना दाखवली नाही, कारण लव्हाळा त्यांना माझ्यापेक्षा चांगला कळत होता.

पाती मांडीवर घेऊन दुपारी दोनला परत आले. रिक्षातून उतरले तर नवव्या ग्रीनवर बायका ओळीनं बसलेल्या. जेवणाची सुट्टी झालेली, तरी कुणी उठलेलं नाही. आक्का लांबूनच ओरडली, "बाळ, बरं झालं आलीस! लई शिरली होती गं हराळी, तुझं विलायती गवत खाऊन टाकलं असतं तिनं! निम्मं रान झालं बघ साफ!"

मी जवळ गेले. ग्रीनचा खालचा सगळा भाग उघडा पडला होता. नुसती वाळू. कडेला ढीग, आणि ढिगात माझं गवत, मुळासकट, नीट झटकून रचलेलं. चार दिवस कात्री लागली नव्हती म्हणून त्याला तुरे आले होते. हराळीचे असतात तसेच तुरे. कापलेलं होतं तोवर ते विलायती दिसत होतं. वाढलं तशी त्याची जात दिसली, आणि या बायकांनी माझ्या शब्दाप्रमाणे एक काडी ठेवली नाही. मला मदत व्हावी म्हणून जेवल्यासुद्धा नव्हत्या.

 मी ढिगापाशी जाऊन बसले. "आक्का, अहो काय केलंत हे!" एवढंच तोंडातून आलं.

आक्काचा चेहरा उतरला. "का गं? काय झालं?"

तेवढ्यात व्हरांड्यातून सेक्रेटरीसाहेब धावत खाली आले. माणूस एरवी सभ्य, पण त्या दिवशी तोंडाला काही धरबंध राहिला नाही. "वाट लावली! अख्ख्या मैदानाची वाट लावली! कुणी सांगितलं तुम्हाला हे उपटायला?"

आक्का उभी राहिली, हाताची माती लुगड्याला पुसली आणि सरळ म्हणाली, "म्याडमनीच सांगितल्यालं. हराळी दिसली की मुळासकट काढायची म्हणून. व्हय न्हवं म्याडम?"

साहेब माझ्याकडं वळले. "तुम्ही सांगितलं होतं?"

सहाही बायका माझ्याकडं बघत होत्या. मी म्हणाले, "मी लव्हाळा काढा म्हणाले, तण काढा म्हणाले. ग्रीनचं गवत उपटा असं कोण सांगेल, साहेब?"

यातला एकही शब्द खोटा नव्हता. आजही मला त्याचीच जास्त लाज वाटते.

 आक्का भांडकुदळ म्हणून नावाजलेली बाई, मला वाटलं आता माझी अब्रू चव्हाट्यावर काढते. तिनं फक्त खुरपी गोळा केली, बायकांना "चला गं" म्हणाली आणि टोळी फाटकाबाहेर गेली. साहेब मागून ओरडत होते, पुन्हा इकडं फिरकू नका, गावात सगळ्यांना सांगतो तुमचे पराक्रम.

आणि सांगितलेही त्यांनी. गोल्फ खेळायला येणाऱ्यांत मळेवाले होते, कारखान्याचे संचालक होते. दोन दिवसांत माळाखाली बोभाटा झाला, की आक्काच्या टोळीला आता गवत आणि पीक कळेनासं झालंय. आमचा माळी येऊन सांगायचा आणि मी ऐकून न ऐकल्यासारखं करायची. मनाला म्हणायची, स्पर्धा होऊ दे, मग सांगू. आत्ता सांगितलं तर मला काढतील, मग ग्रीन कोण दुरुस्त करणार? किती छान कारण सापडलं होतं मला!

सात दिवस उरले होते. नव्यानं मुळ्या लावून ग्रीन भरून यायला एवढे दिवस पुरणार नव्हते. क्लबमागं सरावाचं एक ग्रीन होतं, त्याचे वीतभर लांब-रुंद तुकडे मुळाच्या मातीसकट कापून काढले आणि नवव्यावर फरशी बसवावी तसे बसवले. सांध्यात चाळलेली वाळू भरली, वरून हलका रोलर फिरवला. मी आणि दोन माळी. सकाळी सहापासून दिवस बुडेपर्यंत. गुडघे सोलले. प्रत्येक तुकडा बसवताना वाटायचं, आक्काचा हात असता तर हे निम्म्या वेळात झालं असतं. तिला माती किती दाबायची ते न बघता कळायचं. पाणी किती द्यायचं याचा धसका वेगळाच. कमी पडलं तर कडा वाळतील, जास्त झालं तर कुजेल. मी दर तासाला जाऊन एक तुकडा उचकटून बघायची की मूळ धरलं का. एक माळी वैतागला, "म्याडम, असं उचकटलं तर मूळ धरंल कसं वो?" मी त्याच्यावर खेकसले आणि पुन्हा जाऊन उचकटलं.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी पाहणीच्या बाई आल्या, पट्टी लावली, चेंडू सोडला. तो सांध्यावरून गेला. किंचित थरथरला, पण गेला. बाईंनी मान हलवली. मी व्हरांड्यामागं जाऊन रडले.

तीन दिवस स्पर्धा चालली. लोक मुलींचे फटके बघत होते आणि मी फक्त नवव्या ग्रीनचा खालचा भाग बघत होते. शेवटच्या दिवशी शेवटची जोडी आली, दोघी बरोबरीत. एकीचा चेंडू नेमका माझ्या ठिगळांच्या खाली थांबला. भोक वर. तिला ठिगळांवरूनच मारायला लागणार होतं. एखादा तुकडा सरकलेला असेल, चेंडू वाकडा जाईल, ती हरेल, आणि मग चौकशी.  तिनं मारला. चेंडू सरळ वर गेला आणि टुपकन आत. व्हरांड्यात टाळ्यांचा कडकडाट.

बक्षीस झाल्यावर ती मुलगी माझ्याकडे आली, असेल बावीस-तेवीसची. म्हणाली, शेवटच्या ग्रीनवर चेंडू अगदी सरळ गेला, कोणतं गवत आहे? मी पटकन सांगून टाकलं. इथल्या रानात उगवतं तेच, त्याची बुटकी जात. आम्ही त्याला हराळी म्हणतो. ती म्हणाली, अरे वा! आणि गेली.

 एका परक्या पोरीला मी सहज सांगितलं होतं. पलीकडं सेक्रेटरीसाहेब माइकवरून माझं कौतुक करत होते, ऐनवेळी आलेल्या संकटातून या मुलीनं मैदान वाचवलं. मला शाल दिली. मी घेतली. तेव्हाही बोलले नाही.

चार दिवसांनी आक्काच्या घरी गेले. भर दुपारी गेले, ती घरात नसेल, निरोप ठेवता येईल असा चोरटा विचार मनात. पण ती घरीच होती. भांगलणीचे दिवस, आणि आक्का भर दुपारी दारात बसून तांदूळ निवडत होती. ते बघूनच मला कळायचं ते कळलं. तिच्या नेहमीच्या मळेवाल्यानं कबनूरकडची टोळी आणली होती.

मी उभ्या उभ्या बोलले. "आक्का, ते गवत हराळीच होतं. पहिल्या दिवशी तुम्ही ओळखलंत ते बरोबर होतं. तुम्ही हसाल म्हणून मी खोटं बोलले. साहेबांपुढंही तसंच. चुकलं माझं."

आक्कानं सूप खाली ठेवलं. "हसलो असतो की. दुसरं काय केलं असतं?" मग म्हणाली, "मला हातात घेतल्या घेतल्या कळलं हुतं. चाळीस वर्सं काढतोय. पण तू न्हाय म्हणालीस. मला वाटलं, पोर एवढी शिकलीया, आपला हात चुकला आसंल."

 ती उठली, पायात चपला अडकवल्या. "हितं सांगून काय उपेग? चल."

तो मळा गावाच्या खालच्या अंगाला होता. उसात दुसरी टोळी भांगलत होती, मालक बांधावर उभा. "या पावणं," तो मला म्हणाला. आक्का हाताची घडी घालून बाजूला उभी राहिली. मी सांगितलं. आधी पुटपुटले, तर मालक म्हणाला, "जरा मोठ्यानं बोला की." मग मोठ्यानं सांगितलं. बंगळूरहून आणलेली हराळी, मी तिला विलायती म्हणाले, काढायला मीच सांगितलं, आणि चूक यांच्यावर ढकलली. मालक असा हसला की त्याची टोपी पडली. "हराळी इकत आणली? ट्रकनं?" उसातल्या बायकाही हसायला लागल्या. मान खाली घालून मी ते सगळं ऐकून घेतलं. साहेबांना संध्याकाळी सांगायचंच होतं, ते आता सोपं वाटत होतं.

आक्का हसली नाही. तिनं मालकाला विचारलं, "मग सोमवारपासनं आमी येऊ?"

"या की," मालक डोळे पुसत म्हणाला. "तुमच्याबिगर हराळी कोण काढणार?"

परतताना मी धीर करून म्हणाले, "आक्का, माझ्याकडं पण या. मी साहेबांना सगळं सांगते. नवव्याची दुरुस्ती अजून राहिलीय."

तिनं माझ्या पाठीवरून एकदा हात फिरवला. "तुझ्याकडं न्हाय, बाळ," म्हणाली, आणि बायकांना सोमवारचं सांगायला वस्तीकडं वळली.